अकरा तास अकरा मिनिटांचं देणं

अंशुमन गायकवाडांना मी प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. भेट नाही, पत्र नाही, मधला कोणी ओळखीचा नाही. ते बडोद्याचे, मी हिंगणघाटची. तरीही मी त्यांचं देणं लागते, आणि ते त्यांच्या हयातीत फेडायचं राहून गेलं. ३१ जुलै २०२४ ला बडोद्यात ते गेले. रक्ताचा कर्करोग होता. वय ७१.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचे आकडे छापून आले. ४० कसोटी सामने, १९८५ धावा, दोन शतकं, सरासरी तिशीच्या जराशी वर. आजच्या मुलांना या आकड्यांचं फार कौतुक वाटणार नाही. मला एकच आकडा पुरतो. २०१.

आमचे बाबा हिंगणघाटच्या एका जिनात फिटर होते. दिवाळी झाली की कापसाच्या बंड्यांची रांग लागायची, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हलायची नाही. हंगामात रेचे रात्रंदिवस चालत. त्या घरघरीत वर्षानुवर्षं उभं राहून बाबांचा डावा कान गेला. कानात घालायला त्या काळी कोणी काही देत नसे, आणि कामगारही मागत नसत. बाबांशी बोलायचं तर उजवीकडून जायचं, हे आम्ही भावंडं चालायला लागल्यापासून शिकलो. ट्रान्झिस्टरही ते उजव्या कानाला लावून ऐकत. हिंदी कॉमेंट्री त्यांना पाठ असल्यासारखी कळायची. सुशील दोशींचा आवाज चढला की बाबांच्या भुवया चढत.

गावात सगळे गावसकरांचे. पानठेल्यावर, जिनाच्या फाटकावर, एसटी स्टँडवर, जिथं तिथं गावसकर. बाबांचा जीव मात्र दुसऱ्या बाजूच्या सलामीवीरावर होता. तो चष्मा लावून खेळायचा. उंच, शांत, फटक्यांची घाई नाही. त्याच्यावर बाबांचं मन बसलं ते १९७६ च्या किंग्स्टनच्या सामन्यामुळे, आणि किंग्स्टनची गोष्ट बाबांनी आम्हाला इतकी सांगितली होती की मला ते मैदान कुठं तरी हिंगणघाटातच असावं असं वाटायचं.

झालं असं होतं. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारतानं चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढून वेस्ट इंडिजला हरवलं. त्याचा राग पुढच्या, मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत, जमैकात किंग्स्टनच्या सबीना पार्कवर निघाला. खेळपट्टीवर चेंडू उसळत होता. मायकल होल्डिंग आणि वेन डॅनिअल अंगावर गोलंदाजी करत होते, षटकामागून षटक. हेल्मेट तेव्हा नव्हतं. गावसकर आणि गायकवाड यांनी पहिल्या विकेटसाठी १३६ धावा जोडल्या. गावसकर ६६ वर बाद झाले. गायकवाड उभे राहिले. हातावर, बरगड्यांवर चेंडू घेत दुसऱ्या दिवशीही उभे राहिले. ८१ वर असताना होल्डिंगचा एक चेंडू डाव्या कानावर बसला. कानाचा पडदा फाटला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्याच डावात विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडावर लागलं. बेदींनी सहा बाद ३०६ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात भारताकडे खेळायला माणसंच उरली नव्हती. पाच जण उतरलेच नाहीत आणि ९७ वर सगळं संपलं.

बाबांना डाव्या कानाचं ऐकून काय झालं असेल ते सांगायला नको. ‘उभा राह्यला ना बाप्पा तो,’ एवढंच ते म्हणायचे. धावांविषयी फार बोलायचे नाहीत.

१९८३ च्या पावसाळ्यात बाबांच्या घशात गाठ निघाली. तंबाखू जिनात सगळेच खात, बाबाही खात. आवाज बसला, मग गिळायला त्रास, मग रात्री श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाच्या दवाखान्यात नेलं. तिथं श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. अन्नासाठी नाकातून दुसरी. नळी बसली त्या दिवसापासून बाबांचा आवाज बंद झाला. माणूस शुद्धीवर, सगळं कळतंय, आणि तोंडातून शब्द नाही. मी तेव्हा शाळेत होते. शाळा सोडून आईच्या सोबतीला आले होते, कारण धाकटा भाऊ फारच लहान होता आणि त्याला मामाकडे ठेवलं होतं.

सेवाग्रामच्या त्या दवाखान्याविषयी थोडं लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ ला, डॉ. सुशीला नायर यांनी तिथं मेडिकल कॉलेज उभं केलं. त्यांना सगळे बडी बहनजी म्हणत. विद्यार्थी खादीत, डॉक्टर खादीत. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक पैशाऐवजी ज्वारी देऊन उपचाराचा विमा उतरवत, अशी एक योजना होती. शेजारच्या खाटेवरचे आजोबा अशाच एका गावचे होते. ‘आमी जवारी मापली, आता डॉक्टरनं आमाले मापावं,’ असं ते म्हणत आणि स्वतःच हसत. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर रात्रीसुद्धा बाबांची नळी साफ करताना त्यांच्या कपाळावर एक हात ठेवून मगच काम सुरू करत. ती सवय मी पुढं तशीच्या तशी उचलली.

दुपारी आईला जरा डोळा लागला की मी आश्रमाकडे चालत जाई. तिथं परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना कुष्ठरोग झालेला. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. लोक त्यांच्या सावलीला घाबरत होते तेव्हा गांधीजी रोज स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला तेल लावत, जखमा पुसत. शास्त्रीबुवा त्या दुखण्यातून उठले नाहीत, १९४५ मध्ये दत्तपूरला वारले. त्या कुटीच्या ओसरीवर बसून मला एकच प्रश्न पडे. ज्याचं दुखणं जाणार नाही हे माहीत आहे त्याच्यासाठी रोज सकाळी उठून काय करायचं? गांधीजींना तेल लावायचं सुचलं. मला काही सुचत नव्हतं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. डोळे उघडे, पण कशातच लक्ष नाही. आई बोलली तरी मान वळवत नव्हते.

मग मामा घरून ट्रान्झिस्टर घेऊन आला.

पाकिस्तानचा संघ आला होता. पहिली कसोटी बंगळूरला झाली, दुसरी जालंधरला २४ सप्टेंबरपासून. सिस्टरांनी आवाज अगदी बारीक ठेवायच्या अटीवर परवानगी दिली. ट्रान्झिस्टर मी उशीच्या उजव्या बाजूला ठेवला. आतले सेल जुने होते. दिवसा ते काढून खिडकीतल्या उन्हात ठेवायचे म्हणजे अजून थोडे चालत, हे मला बाबांनीच शिकवलेलं.

पाकिस्ताननं ३३७ केल्या, वसीम राजाचं शतक झालं. मग गावसकर आणि गायकवाड सलामीला आले. गावसकरांचं नाव आलं तरी बाबा हलले नाहीत. गायकवाडांचं आलं तसे उजव्या कुशीवरून जरा मागे सरकले आणि कान ट्रान्झिस्टरकडे आणला. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

गायकवाड त्या डावात ६७१ मिनिटं खेळले. अकरा तास अकरा मिनिटं. ४३६ चेंडू. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधलं तोवरचं सगळ्यांत संथ द्विशतक म्हणून त्याची नोंद झाली. पुष्कळांनी त्यावर नाकं मुरडली. तीनच महिन्यांपूर्वी कपिलच्या संघानं विश्वचषक आणला होता, लोकांना चौकार-षटकारांची चटक लागली होती, आणि हा माणूस चेंडूमागून चेंडू नुसता अडवत होता. मला क्रिकेट तेव्हा फारसं कळत नव्हतं, तरी त्या संथपणाचा एकेक चेंडू मला मोलाचा होता. तो जितका वेळ खेळेल तितका वेळ बाबांचं तोंड आमच्याकडे राहणार होतं.

सगळा वेळ काही कॉमेंट्री ऐकू यायची नाही. खरखर व्हायची, बॅटरी उतरायची, डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी बंद करावी लागायची, बाबांना गुंगी यायची. जाग आली की ते माझ्याकडे पाहून उजव्या हाताची तर्जनी वर करायचे. अंपायर करतो तशी. आणि भुवया उचलायचे. गेला का? मी मान हलवायची. नाही गेला. मग ते बोट हळूच खाली यायचं, चादरीवर टेकायचं, आणि तोंडावर, नळ्यांच्या मधून, हसू यायचं. पुन्हा झोप. पुन्हा जाग. पुन्हा बोट वर. दुसरा दिवस उजाडला तरी तेच. सिस्टर ड्यूटीवर येता येता मलाच विचारू लागल्या, ‘हैं क्या गायकवाड?’ शेजारच्या आजोबांनी तर हिशेबच ठेवला होता. समोरचे एकेक जण गेले की ते पुटपुटत, ‘हा गेला. तो हाय.’

रॉजर बिन्नीनं अर्धशतक केलं, तेवढीच मोठी सोबत मला आठवते. बाकी गायकवाड एका टोकाला आणि समोर माणसं बदलत राहिलेली. द्विशतक झालं तेव्हा कॉमेंट्रीत टाळ्यांचा आवाज आला आणि बाबांनी हात वर नेला. बोट नव्हे, अख्खा पंजा. २०१ वर ते बाद झाले. त्यानंतर बाबांनी बोट वर केलं तेव्हा मी खोटं बोलू शकले असते. पण मी मान खाली-वर केली. बाबांनी डोळे मिटले, आणि हातानं ‘बरं’ अशी खूण केली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. काम पुरं करून जिनातून घरी आल्यावर पाय धुताना त्यांचा चेहरा असायचा तसा चेहरा होता.

सामना अनिर्णित राहिला. तिसरी कसोटी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नागपूरला झाली, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर. सेवाग्रामहून नागपूर म्हणजे काही फार लांब नाही. पण बाबांना खाटेवरून उतरवणंही शक्य नव्हतं. तीही त्यांनी ऐकली, मात्र बोट आता नीट उचलत नव्हतं. कापसाचा हंगाम लागायच्या आत बाबा गेले.

मी परिचारिका झाले. त्यामागे त्या सिस्टरांचा कपाळावरचा हात आहे, आणि गायकवाडांचा तो डावही आहे. बरं न होणाऱ्या माणसाला औषधाखेरीज काय देता येतं ते मला त्या दोन-तीन दिवसांत कळलं होतं. पुढं नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी नव्या रोग्याच्या नातेवाइकांना आधी विचारत असे की यांना कशाचा नाद आहे. भजनाचा, तमाशाचा, बैलांचा, गावच्या राजकारणाचा. ज्या घरांत याचं उत्तर चटकन मिळे तिथं पुढचे दिवस जरा सोपे जात. ज्या घरांत कोणालाच सांगता यायचं नाही, तिथं मला फार वाईट वाटे.

एकदा आर्वी तालुक्यातले एक शिक्षक आमच्याकडे होते. स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात, असा आजार. आधी हात, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. बुद्धी मात्र लख्ख. आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की अमेरिकेत या रोगाला एका बेसबॉलपटूचं नाव पडलं आहे, लू गेरिग. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा हा खेळाडू १९२५ पासून सलग २१३० सामने खेळला, एकही चुकवला नाही. तो विक्रम १९९५ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. १९३९ च्या मे महिन्यात आपल्याला जमत नाही हे पाहून तो स्वतःच बाहेर बसला. जूनमध्ये, बरोबर छत्तिसाव्या वाढदिवशी, निदान झालं. आणि ४ जुलैला हजारो लोकांनी भरलेल्या मैदानात तो बोलायला उभा राहिला. स्वतःच्या दुखण्याचं रडगाणं त्यानं गायलं नाही. आपण कोणाकोणाचे ऋणी आहोत ते सांगत गेला. सोबतीचे खेळाडू, संघाचे व्यवस्थापक, मैदानाची निगा राखणारी माणसं, सासूबाई, आई-वडील, बायको. दोन वर्षांनी, १९४१ च्या जूनमध्ये, अडतिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत तो गेला.

मला त्या भाषणातले मैदान राखणारे फार आवडले. लाखोंच्या टाळ्या घेतलेल्या माणसाला मरणाच्या दारात गवत कापणारे आठवतात, याचं मला मोठं अप्रूप वाटलं. आणि त्याच वेळी गायकवाडांची आठवण आली. गेरिगनं आपली देणी सगळ्यांदेखत मोजली. मग गायकवाडांसारख्यांचं देणं लागणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते कुठं मोजायचं?

तोवर गायकवाड खेळायचे थांबले होते, पुढं भारतीय संघाचे प्रशिक्षकही झाले. १९९८ ला शारजात सचिननं वादळात शतक ठोकलं तेव्हा आणि १९९९ ला दिल्लीत कुंबळेनं एका डावात दहाच्या दहा बळी घेतले तेव्हा प्रशिक्षक तेच होते. टीव्हीवर कधी खेळाडूंच्या खोलीच्या सज्जात ते दिसले की मी घरातल्यांना हाक मारून दाखवायची. ‘हे बघा, आपले गायकवाड.’ मुलं म्हणायची, कोण? मी सांगायची. पत्र मात्र लिहिलं नाही. काय लिहायचं? तुमच्यामुळे आमचे बाबा भिंतीकडून इकडे वळले? मोठ्या माणसांना असलं लिहू नये, असं वाटायचं.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्यांचे वडील दत्ताजीराव गायकवाड ९५ व्या वर्षी गेले. १९५९ ला इंग्लंडमध्ये भारताचं नेतृत्व केलेले, त्या वेळी हयात असलेले भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू. जुलैत वाचलं की मुलगा लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाशी झगडत होता आणि पैसा कमी पडत होता. संदीप पाटील यांनी ते जाहीर लिहिलं. कपिल देव यांनी क्रिकेट नियामक मंडळाला मदतीची विनंती केली, घरच्यांची हरकत नसेल तर आपलं निवृत्तिवेतन देण्याची तयारी दाखवली. गावसकर, मोहिंदर अमरनाथ, वेंगसरकर, मदनलाल, शास्त्री, कीर्ती आझाद सगळे मदत गोळा करायला पुढे आले. त्यांतले गावसकर, मोहिंदर, वेंगसरकर आणि मदनलाल किंग्स्टनच्या त्या सामन्यात त्यांच्या सोबत होते. मंडळानं एक कोटी रुपये दिले.

मी रक्ताच्या कर्करोगाचे रोगी सांभाळले आहेत. रक्तच आजारी पडलं की शरीराची राखण करणारं कोणी उरत नाही. साधा ताप, साधी सर्दी, हिरडीतलं रक्त, प्रत्येकाची धास्ती. या आजारात वर्षभर परदेशी दवाखाना म्हणजे घर धुऊन निघतं. मंडळानं मदत केली हे चांगलंच झालं, पण आवाहन करायची वेळच यायला नको होती असं माझं स्पष्ट मत आहे. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्यांना द्यायला मंडळाकडे पैसा नव्हता, तेव्हा लता मंगेशकरांनी दिल्लीत गाऊन तो उभा केला आणि एकेका खेळाडूला लाख रुपये मिळाले. गायकवाड त्या संघात नव्हते. त्यांच्या पिढीनं कानाचे पडदे देऊन जो खेळ मोठा केला, त्याच्या तिजोरीत आज काय आहे ते सर्वांना माहीत आहे. म्हाताऱ्या खेळाडूच्या दुखण्याचा खर्च ही त्यातून आपोआप जाणारी रक्कम असायला हवी. मित्रांनी झोळी फिरवायला नको.

लंडनहून ते बडोद्याला परत आले होते. मदत जाहीर झाल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ते गेले.

बातमी वाचून मी हिंगणघाटला आईकडे गेले. आई आता ऐंशीच्या पुढं आहे. क्रिकेट तिला कधीच कळलं नाही. ‘आई, गायकवाड गेले,’ म्हटलं तर ती आधी शेजारच्या कोणा गायकवाडांचं समजली. मग मी सेवाग्राम म्हटलं, बाबांचं बोट म्हटलं.

‘तो होय? जो आऊट होत नव्हता तो?’

‘हो.’

‘काय झालं होतं त्याले?’

मी सांगितलं.

‘घरी गेला का परदेशात?’

‘बडोद्यालाच. परत आणलं होतं.’

‘बायको हाय?’

‘आहे. मुलगा आहे.’

आई गप्प झाली. सुपातले गहू दोनदा पाखडले. मग म्हणाली, ‘तिले कळव बाई. म्हणा, तुह्या माणसानं माह्या माणसाले दोन दिवस हसवलं. तिनं बी रात्री काढल्या असतीन.’

‘कसं कळवू? माझी काय ओळख?’

‘मंग लिहिजो कुठी तरी,’ आई म्हणाली. ‘तिच्या हाती लागन तं लागन.’